रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडे

शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे, ज्यांना दवाखान्यात अँटिबॉडी म्हणतात. काही माणसांत ही प्रतिपिंडे परक्यांना सोडून स्वतःच्याच शरीरातील प्रथिनांना चिकटू लागतात आणि त्यातून संधिवात, थायरॉइडचे विकार, ल्युपस असे ऑटोइम्यून आजार उद्भवतात. या आजारांच्या एका गटात बिघाड सांध्यात किंवा ग्रंथीत न होता थेट रक्तवाहिनीत होतो. जखम झालेली नसताना रक्त गोठते. पायाच्या शिरेत गुठळी धरते, तिशीतल्या माणसाला अर्धांगवायूचा झटका येतो, गरोदर स्त्रीचे बाळ पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटातच दगावते. या गटात सर्वाधिक अभ्यासला गेलेला विकार म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दवाखान्यांत तो विकाराच्या नावापेक्षा चाचणीच्या नावानेच अधिक ओळखला जातो: ‘एपीएलए पॉझिटिव्ह’. अहवाल पॉझिटिव्ह असणे आणि आजार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत; या विषयातला बराचसा गोंधळ त्या दोन्हींची गल्लत झाल्याने होतो.

निरोगी शरीरात रक्त गोठणे ही काटेकोर आवरून धरलेली क्रिया असते. रक्तवाहिनीला छेद गेला की प्लेटलेट तिथे चिकटतात. एरवी त्यांच्या आवरणाच्या आतल्या बाजूला दडलेले ऋणभारित फॉस्फोलिपिड, म्हणजे एक प्रकारचे स्निग्ध रेणू, तेव्हा बाहेरच्या बाजूला येतात. रक्तातले गोठणघटक या पृष्ठभागावर एकत्र येतात, त्यातून थ्रॉम्बिन तयार होते आणि थ्रॉम्बिन फायब्रिनचे जाळे विणते. ही क्रिया छेदापुरतीच राहावी म्हणून प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन तिला लगाम घालतात, आणि काम संपल्यावर प्लास्मिन ते जाळे विरघळवते. रक्तवाहिनीचे आतले अस्तरही स्वस्थ असताना गुठळीला थारा देत नाही. एपीएसमधली प्रतिपिंडे या साखळीच्या एकाच कडीवर घाव घालत नाहीत. ती अनेक ठिकाणी थोडाथोडा तोल बिघडवतात, आणि म्हणूनच त्यांचा छडा लागायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

या छड्याची सुरुवात भलत्याच रोगापासून झाली. 1906 मध्ये जर्मनीत वासरमान यांनी सिफिलिसची रक्तचाचणी शोधली. पुढे असे लक्षात आले की या चाचणीला सिफिलिसच्या जंतूची गरजच नसते; बैलाच्या हृदयाचा अर्क वापरूनही ती लागते. 1941 मध्ये अमेरिकेत मेरी पँगबॉर्न यांनी त्या अर्कातला नेमका पदार्थ वेगळा केला. तो एक फॉस्फोलिपिड होता. हृदयातून मिळाला म्हणून त्याला कार्डिओलिपिन म्हटले गेले. आजही चालू असलेली व्हीडीआरएल चाचणी याच पदार्थावर बेतलेली आहे. मोठ्या प्रमाणावर तपासण्या होऊ लागल्या तेव्हा सिफिलिसचा मागमूस नसलेल्या काही माणसांतही ती पॉझिटिव्ह येऊ लागली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील मूर आणि मोर यांनी 1952 मध्ये या खोट्या पॉझिटिव्ह अहवालांचे दोन प्रकार पाडले. एक, एखाद्या तापानंतर काही काळ येणारा आणि मग निघून जाणारा. दुसरा, महिनोन्‌महिने टिकणारा. दुसऱ्या प्रकारातल्या अनेकांना पुढे ल्युपस झाला. टिकणारे प्रतिपिंड आणि पाहुणे प्रतिपिंड यांतला हा फरक आजच्या निदानाचाही कणा आहे.

याच वर्षी याच संस्थेत कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपसच्या दोन रुग्णांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. त्यांचे रक्त परीक्षानळीत गोठायला फार वेळ घेत होते. अशा रुग्णाला रक्तस्रावाचा धोका असणार, हा तर्क सरळ होता. पण 1963 मध्ये बोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की नळीत उशिरा गोठणारे हे रक्त शरीरात उलट गुठळ्या करते. 1972 मध्ये फाइनस्टाइन आणि रॅपापोर्ट यांनी या गुणधर्माला ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ हे नाव दिले आणि ते दुर्दैवाने चिकटले. दुर्दैवाने अशासाठी, की तो ज्यांच्यात सापडतो त्यांतल्या अनेकांना ल्युपस नसतो आणि शरीरात तो रक्त पातळही करत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी एक चाचणी, लांबलेला दिसला की आजही काही ठिकाणी रक्तस्रावाच्या भीतीने शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. तो ल्युपस अँटिकोॲग्युलंटमुळे लांबलेला असेल, तर खरा धोका गुठळीचा असतो.

1983 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ग्रॅहम ह्यूज यांनी हे सुटे धागे एकत्र बांधले. शिरांतल्या व धमन्यांतल्या गुठळ्या, वारंवार गर्भपात, प्लेटलेटची घट आणि ही प्रतिपिंडे मिळून एकच विकार होतो, असे त्यांनी मांडले. त्यांच्याच गटातील हॅरिस आणि घरावी यांनी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे मोजण्याची संवेदनशील पद्धत त्याच वर्षी प्रसिद्ध केली. नंतर 1990 च्या सुमारास नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि जपान इथल्या तीन गटांना स्वतंत्रपणे एकच धक्का बसला. ही प्रतिपिंडे फॉस्फोलिपिडला चिकटतच नाहीत. फॉस्फोलिपिडवर जाऊन बसलेल्या बीटा-2 ग्लायकोप्रोटीन-1 या रक्तातील प्रथिनाला ती चिकटतात. तोवर विकाराचे नाव रूढ झाले होते, आणि चुकीचे असूनही ते तसेच राहिले.

हे प्रथिन प्रत्येकाच्या रक्तात भरपूर असते. त्याचे पाच खंड असतात आणि रक्तात वाहताना ते बहुधा वर्तुळासारखे मिटलेले असते. ऋणभारित पृष्ठभाग भेटला की ते उलगडते आणि पहिल्या खंडातला एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. सर्वांत घातक प्रतिपिंडे नेमकी याच भागाला चिकटतात. एक प्रतिपिंड दोन रेणूंना जोडते, जोडीची पृष्ठभागावरची पकड घट्ट होते, आणि ज्या पेशीवर ती बसली आहे त्या पेशीला चेतावणी मिळते. अस्तराच्या पेशी चिकट होतात आणि वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी टिश्यू फॅक्टर बाहेर काढतात, म्हणजे जखम नसताना जखमेचा इशारा देतात. प्लेटलेट चेतवल्या जातात. न्यूट्रोफिल पेशी आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात आणि त्या जाळीत गुठळी धरते. प्रोटीन सीचा लगाम सैल पडतो. कॉम्प्लिमेंट ही प्रतिकारसंस्थेची दुसरी फळीही यात ओढली जाते. यांपैकी कोणत्या रुग्णात कोणता मार्ग प्रबळ आहे हे आज कोणत्याही नेहमीच्या चाचणीतून कळत नाही.

परीक्षानळीतला विरोधाभास यातूनच उलगडतो. नळीत फॉस्फोलिपिड मोजकेच घातलेले असते. प्रतिपिंडांनी ते अडवून धरले की गोठणघटकांना जागा उरत नाही आणि वेळ लांबतो. शरीरात मात्र पेशींच्या रूपाने पृष्ठभागांची कमतरता नसते; तिथे अडवणुकीपेक्षा चेतावणी भारी पडते.

तरीही ही प्रतिपिंडे अंगात बाळगणारी बहुतेक माणसे वर्षानुवर्षे निरोगी राहतात. उंदरांवरच्या प्रयोगांतही नुसती प्रतिपिंडे टोचून गुठळी होत नाही; वाहिनीला थोडी इजा केली की मग मोठी गुठळी होते. म्हणून दोन आघातांची कल्पना मांडली गेली आणि ती सर्वमान्य झाली. प्रतिपिंडे हा पहिला आघात. दुसरा आघात म्हणजे जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, पाय मोडून महिनाभर प्लास्टरमध्ये पडून राहणे, बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान. पाळी पुढे ढकलण्यासाठी सणासुदीला दुकानातून परस्पर आणलेल्या हार्मोनच्या गोळ्याही अशा स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बाळंतिणीला पाणी बेताने द्यायचे, ही काही घरांत टिकून असलेली चालही याच यादीत मोडते. भारतात बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचे प्रमाण पूर्वीपासून लक्षणीय राहिले आहे, आणि शरीरातले पाणी कमी होणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

गुठळी कुठे होईल याला एपीएसमध्ये धरबंद नसतो. जन्मजात गोठणदोष मुख्यतः शिरांत गुठळ्या करतात; एपीएस शिरांत करतो तशाच धमन्यांतही करतो. शिरांमध्ये पोटरी आणि मांडी ही नेहमीची जागा. एक पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. तिथून तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर अचानक धाप लागते. धमन्यांमध्ये मेंदू हे मुख्य लक्ष्य. पन्नाशीच्या आतल्या माणसाला मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही नसताना अर्धांगवायू झाला, तर एपीएसची तपासणी व्हायलाच हवी. यकृताच्या, आतड्याच्या, डोळ्याच्या वाहिन्यांतही गुठळ्या होतात. हृदयाच्या झडपा जाड होतात. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेले रुग्ण इतके आहेत की हे दुसरे कारण सहज नजरेआड होते. कातडीवर जाळीसारखे निळसर-जांभळे पट्टे उमटतात, पण सावळ्या कातडीवर ते चांगल्या उजेडात, मुद्दाम पाहिले तरच दिसतात.

प्लेटलेटची घट हे लक्षण ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात वेगळे सांगायला हवे. एपीएसच्या अनेक रुग्णांत प्लेटलेट लाखाच्या आसपास किंवा त्याहून थोड्या कमी असतात. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत कल्याण-डोंबिवलीत प्लेटलेट कमी दिसल्या की पहिला संशय डेंग्यूचा येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पण डेंग्यूत पडलेल्या प्लेटलेट आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात. दिवाळी उलटली, ताप कधीच गेला, तरी आकडा लाखाच्या खालीच रेंगाळत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. प्लेटलेट कमी आहेत म्हणून गुठळी होणार नाही, हा समजही या विकारात लागू पडत नाही.

गरोदरपणातला एपीएस हा जवळजवळ वेगळा विकार म्हणावा असा आहे. काही स्त्रियांना आयुष्यात कधी गुठळी होत नाही, फक्त गर्भ टिकत नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एपीएसच्या सिडनी निकषांत तीन प्रसंग मोजले गेले: दहा आठवड्यांनंतर, रचना निर्दोष असलेले बाळ पोटात दगावणे, रक्तदाब वाढल्याने किंवा वार अपुरी पडल्याने चौतीस आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणे, आणि दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन किंवा अधिक गर्भपात. पूर्वी समजूत अशी होती की वारेच्या वाहिन्यांत गुठळ्या होऊन बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. पण अनेक वारांच्या तपासणीत तशा गुठळ्या सापडत नाहीत. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुजत नाहीत आणि कॉम्प्लिमेंटमुळे तिथे दाह होतो, हे स्पष्टीकरण आता अधिक पटते. हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध इथे उपयोगी पडते ते रक्त पातळ केल्यामुळेच असे नाही, त्यात कॉम्प्लिमेंट रोखण्याचाही वाटा असावा, हे 2004 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आले.

व्हीडीआरएलची जुनी गोष्ट इथे पुन्हा भेटते. गरोदर स्त्रीचे नाव कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नोंदवा, कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात नोंदवा किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात, सिफिलिसची तपासणी पहिल्या फेरीतच होते. ती कार्डिओलिपिनवर आधारलेली असेल तर एपीएसची प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीत ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचएसारख्या, थेट जंतूविरुद्धच्या चाचणीने खात्री करून घेतल्याशिवाय असा कागद नवऱ्याच्या आणि सासरच्या हाती जाऊ देणे हा अन्याय आहे. खात्रीची चाचणी निगेटिव्ह आली, तर त्या पॉझिटिव्ह व्हीडीआरएलचा धागा धरून आधीच्या गर्भपातांची चौकशी करणे हे खरे वैद्यक.

निदानासाठी तीन चाचण्या लागतात: कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे, बीटा-2 ग्लायकोप्रोटीन-1 विरोधी प्रतिपिंडे आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट. पहिल्या दोन चाचण्या प्रतिपिंडे थेट मोजतात. त्यांत आयजीजी प्रकाराला वजन अधिक, आयजीएमला बरेच कमी. तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची, कारण गुठळीचा आणि गर्भहानीचा अंदाज तीच सर्वांत चांगला देते. तिच्यात घोणस सापाचे विष वापरतात. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत शेतकऱ्याला चावणारा तोच हा साप. त्याचे विष गोठणसाखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चेतवते, म्हणून दंश झालेल्या माणसाचे गोठणघटक संपून जातात आणि रक्त गोठेनासे होते. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी हेच विष पातळ करून वापरले होते. प्रयोगशाळेत ते अतिशय पातळ स्वरूपात, मोजक्या फॉस्फोलिपिडबरोबर रक्तद्रवात घालतात आणि गोठायला लागणारे सेकंद मोजतात. वेळ लांबला तर निरोगी रक्तद्रव मिसळून पाहतात. तरीही तो सुधारला नाही तर जादा फॉस्फोलिपिड घालतात. जादा फॉस्फोलिपिडने वेळ सुधारला तर ल्युपस अँटिकोॲग्युलंट आहे असे ठरते. याच्या जोडीला एपीटीटीवर आधारलेली दुसरी चाचणीही करावी लागते, कारण एकच चाचणी सगळ्यांना पकडत नाही.

ही चाचणी नाजूक आहे. सायट्रेट असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन ते काही तासांत दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेटमुक्त करावे लागते. नमुन्यात प्लेटलेट उरल्या आणि तो तसाच गोठवला, तर त्या फुटतात, त्यांचे फॉस्फोलिपिड सुटते आणि खरा दोष झाकला जातो. डोंबिवलीच्या संकलन केंद्रात सकाळी घेतलेला नमुना दुपारभर पेटीत राहून संध्याकाळी दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचत असेल, तर निगेटिव्ह अहवालावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. हेपॅरिन, वॉरफरिन आणि नव्या तोंडी गोळ्या ही रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ही चाचणी फसते. गुठळी झाल्यावर पहिल्या दिवसांत केलेली तपासणीही कधी खोटे होकार देते, तर कधी खोटे नकार.

म्हणून किमान बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची असा दंडक आहे. ताप, मलेरिया, डेंग्यू, हिपॅटायटिस, एचआयव्ही, कोविड अशा संसर्गांनंतर ही प्रतिपिंडे काही काळ दिसतात आणि बहुधा निरुपद्रवीपणे नाहीशी होतात. ज्या पट्ट्यात दर पावसाळ्यात तापाची साथ असते तिथे या बारा आठवड्यांचे महत्त्व युरोपातल्या शहरापेक्षा जास्तच. प्रत्यक्षात दुसरी तपासणी राहून जाते. खर्च असतो, रुग्ण बरा झालेला असतो, गरोदरपण संपलेले असते. आणि एका अहवालावर लागलेला शिक्का आयुष्यभर फाइलमध्ये राहतो.

ठाणे-कल्याणच्या रुग्णासाठी या क्षेत्रातले सर्वांत जवळचे जाणते ठिकाण मध्य रेल्वेच्या लोकलने गाठता येते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून 1957 मध्ये तिची सुरुवात झाली. त्याआधी 1952 मध्ये परळमध्येच भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला होता, आणि पुढे भाटियांनीच या केंद्राची धुरा वाहिली. आज तिथे रक्तस्राव आणि गुठळी या दोन्ही बाजूंच्या विकारांचा अभ्यास चालतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या पश्चिम भारतातल्या स्त्रियांतील प्रतिपिंडांवर आणि यकृताच्या शिरांतल्या गुठळ्यांवर संस्थेने बरेच काम केले आहे.

विकार किती जणांना आहे याचे अंदाज बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले आहेत. लाखात 40 ते 50 हा नेहमी दिला जाणारा आकडा. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. तोच दर इथे धरला तर त्या वेळच्या लोकसंख्येतही बाराशे ते पंधराशे रुग्ण निघतात. दुसऱ्या बाजूने पाहता शिरेतली गुठळी झालेल्या दर दहा रुग्णांत सुमारे एकात आणि अर्धांगवायूच्या शंभरांत सुमारे तेरा-चौदांत ही प्रतिपिंडे आढळतात, असे 2013 मधला एक मोठा आढावा सांगतो. ल्युपसच्या रुग्णांत ती तीस ते चाळीस टक्क्यांत असतात. निरोगी माणसांतही शंभरात एक ते पाच जणांत ती सापडू शकतात, आणि अहवाल म्हणजे आजार नव्हे याचे सर्वांत साधे कारण हेच.

धोका सगळ्यांचा सारखा नसतो. तिन्ही चाचण्या ठामपणे पॉझिटिव्ह असलेल्या, पण अद्याप गुठळी न झालेल्या माणसांत वर्षाला सुमारे पाच टक्क्यांना गुठळी होते, असे इटलीतल्या पेंगो यांच्या पाहणीत दिसले. एकच चाचणी आणि तीही कमी पातळीवर पॉझिटिव्ह असेल तर हे प्रमाण बरेच खाली येते. 2023 मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटनांनी मिळून नवे निकष आणले, त्यांत प्रत्येक गोष्टीला गुण दिले आहेत. 40 ते 79 एककांची आयजीजी पातळी मध्यम, 80 किंवा त्याहून अधिक असेल तर उच्च. फक्त आयजीएम पॉझिटिव्ह असणे किंवा फक्त सुरुवातीचे गर्भपात होणे याला आता पुरेसे गुण मिळत नाहीत. हे निकष संशोधनासाठी आहेत, समोरच्या रुग्णाच्या उपचारासाठी नाहीत. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते त्यांतून दिसते.

गुठळी होऊन गेलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते, कारण थांबवली तर गुठळी पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी असेनोकुमारॉल, म्हणजे ‘ॲसिट्रॉम’, या इथल्या नेहमीच्या गोळ्या. डोस पीटी-आयएनआर या गोठण्याच्या चाचणीवरून ठरतो आणि आयएनआर 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. तीनच्या वर नेल्याने जास्त संरक्षण मिळत नाही, हे 2003 मध्ये चाचणीने दाखवले. या गोळ्या जीवनसत्त्व के च्या विरोधात काम करतात, म्हणून पालेभाज्यांचा प्रश्न येतो. पालक, मेथी, शेपू, अळू बंद करायचे कारण नाही. रोजच्या प्रमाणात मोठे चढउतार टाळायचे. श्रावणात रोज अळूची भाजी आणि मग दोन महिने काहीच नाही, असे झाले की आयएनआर डळमळतो. औषधांचा परिणाम त्याहून मोठा. जुलाबावर सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडाझोल आयएनआर चढवते. क्षयाचे रिफॅम्पिसिन तो इतका पाडते की डोस कितीतरी वाढवावा लागतो, आणि उपचार संपल्यावर आठवणीने उतरवावाही लागतो. अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आयएनआरची कटकट नको म्हणून रिव्हारोक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा मोह होतो. तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत वॉरफरिनशी त्यांची तुलना करणारी इटलीतली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण नव्या गोळीच्या गटात अर्धांगवायू आणि हृदयविकाराचे झटके जास्त आले. तो निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्यांना आणि धमनीत गुठळी झालेल्यांना या गोळ्या देऊ नयेत, हे बऱ्यापैकी पक्के झाले आहे. गुठळीचे कारण न शोधताच नवी गोळी सुरू करणे या शहरांतही वाढते आहे आणि एपीएसच्या बाबतीत ते महागात पडू शकते.

गरोदरपणात वॉरफरिन चालत नाही. पहिल्या तिमाहीत ते बाळाच्या वाढीला अपाय करते. गर्भ राहिल्याचे कळताच हेपॅरिनच्या पोटात टोचायच्या इंजेक्शनवर यावे लागते, जोडीला ॲस्पिरिनची छोटी मात्रा, बहुधा 75 मिलिग्रॅम. 1997 मध्ये लंडनमधील राय आणि रेगन यांच्या चाचणीत फक्त ॲस्पिरिनवर 42 टक्के, तर हेपॅरिनची जोड दिल्यावर 71 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. पाच वर्षांनंतरच्या दुसऱ्या चाचणीत दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच चांगले यश आले. तरी पहिल्या निष्कर्षावर बेतलेला उपचार टिकला आहे आणि पक्के निदान झालेल्या स्त्रीत तो योग्यच आहे. आक्षेप आहे तो उरलेल्यांवरच्या वापराला. एकच गर्भपात, एकच तपासणी, आयजीएमचा किंचित वाढलेला आकडा, आणि नऊ महिने रोज इंजेक्शन, असे चित्र विरळ नाही. पहिल्या तीन महिन्यांतले बरेच गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषांनी होतात आणि पुढचे गरोदरपण कोणत्याही औषधाविना सुरळीत पार पडते. श्रेय मात्र इंजेक्शनला जाते. याउलट ज्यांना खरी गरज आहे त्यांचे उपचार बाळंतपणानंतर लगेच थांबतात, वास्तविक पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात.

शंभरातल्या एखाद्या रुग्णात विकार भीषण रूप घेतो. आठवड्याभरात तीन किंवा अधिक अवयवांच्या बारीक वाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात. 1992 मध्ये अॅशरसन यांनी या ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ प्रकाराचे वर्णन केले. पूर्वी निम्मे रुग्ण दगावत. हेपॅरिन, स्टेरॉइड आणि प्लाझ्मा एक्स्चेंज किंवा इम्युनोग्लोब्युलिन एकत्र दिल्याने हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले. शस्त्रक्रियेसाठी रक्त पातळ करणारी गोळी थांबवणे आणि साधा वाटणारा संसर्ग ही त्याची दोन नेहमीची निमित्ते आहेत.

एपीएसखेरीज इतरही प्रतिपिंडे गुठळ्या करतात. हेपॅरिन घेणाऱ्या काही रुग्णांत पाच ते दहा दिवसांनी प्लेटलेटमधल्या पीएफ4 या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि रक्त पातळ करायला दिलेले औषधच गुठळ्या करू लागते. 2021 मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीनंतर अगदी थोड्यांत असाच प्रकार दिसला. तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड नावाने बनवली होती, म्हणून महाराष्ट्रात त्याची चर्चा मोठी झाली. त्या मे महिन्यात केंद्राच्या समितीने गुठळीची शक्यता असलेले 26 रुग्ण नोंदवले. दर दहा लाख मात्रांमागे 0.61 असा तो नोंदणीचा दर होता. टीटीपी या विकारात प्रतिपिंडे ॲडॅमटीएस-13 हे विकर निकामी करतात आणि प्लेटलेटच्या बारीक गुठळ्या मेंदूपर्यंत पोहोचतात. प्लाझ्मा एक्स्चेंजशिवाय दहांतले नऊ रुग्ण दगावत. तिथे आकडा पाहून घाईने प्लेटलेट चढवणे टाळतात. कांजिण्यांनंतर क्वचित एखाद्या मुलात प्रोटीन एस विरुद्ध प्रतिपिंडे येऊन कातडी काळी पडते.

सर्वांत अवघड निर्णय उरतो तो प्रतिपिंडे ठामपणे पॉझिटिव्ह असूनही काहीच न झालेल्या माणसाबद्दल. अमेरिकेतल्या 2007 च्या चाचणीत ॲस्पिरिनचा फायदा दिसला नाही, पण सहभागींची संख्या लहान होती. युरोपीय संधिवात संघटनेने 2019 मध्ये जास्त धोक्याच्या व्यक्तींना ॲस्पिरिनची छोटी मात्रा सुचवली आहे. ल्युपस असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही उपयोगी पडते. वादातीत गोष्टी मोजक्याच आहेत. तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांऐवजी तांबी किंवा अन्य उपाय वापरणे, आणि शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा बाळंतपणाच्या आधी अहवाल डॉक्टरांना दाखवणे. हा अहवाल बारा आठवड्यांनंतरच्या दुसऱ्या तपासणीचा असावा.